होल्ट शब्दाचा तिसरा अर्थ

मी सिंगापुरात शब्दकोशाच्या कचेरीत नोकरी केली असं सांगितलं की समोरच्या माणसाचं दोहोंपैकी एक काहीतरी होतं. एक तर तो एकदम सांभाळून, पुस्तकी बोलायला लागतो, नाहीतर सरळ विचारतो, "पण त्यात रोज करायला असतं काय?" मला दुसऱ्या जातीची माणसं आवडतात. शब्द आहेत, अर्थ आहेत, एकदा छापले की सुटलो, असा त्यांचा प्रामाणिक समज असतो. माझ्या सासूबाई दर दिवाळीला फोनवर विचारायच्या, "अगं, अजून संपला नाही का तुमचा कोश?" त्यांना वाटायचं मी कामचुकार आहे.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. या वयात धक्के बसायचे ते तब्येतीचे बसावेत, रिपोर्टांचे बसावेत. मला बसला तो एका शब्दाचा, आणि अजून ओसरलेला नाही. तुमच्या अंकाच्या संपादकबाईंनी नोकरीतल्या गमती लिहा असं सांगितलं होतं. लिहायला बसले तर गमतीआधी हेच हाताशी आलं, त्याला माझा इलाज नाही.

आमचा कोश शाळेतल्या मुलांसाठी होता. इंग्रजी-इंग्रजी, जाडजूड, सिंगापूर आणि आसपासच्या देशांत खपणारा. कचेरी एका जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर, आणि तळाला हॉकर सेंटर, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांचा बाजार. त्यामुळे सकाळपासून लसणाच्या फोडणीत बसून आम्ही 'न्याय' आणि 'स्वातंत्र्य' यांचे अर्थ लिहायचो. नवऱ्याला चांगी बिझनेस पार्कातल्या एका बँकेत नोकरी लागली म्हणून मी पुण्याहून आले होते. घरी बसवेना म्हणून मुद्रितं तपासायला लागले आणि तिथेच म्हातारी झाले.

बाहेरच्यांना वाटतं, अवघड काम म्हणजे मोठमोठे शब्द. तसं नाही. मोठ्या शब्दाला एकच अर्थ असतो आणि तो गुमान बसून राहतो. छळतात ते लहान. 'खुर्ची' या शब्दाची व्याख्या करायला बसा म्हणजे कळेल. पाठ हवी म्हटलं तर स्टूल सुटतं, पण मग बाकाचं काय? एकाच माणसाने बसायची असं घाला. मग सोफ्याची एकेरी बैठक? आमचा एक सहकारी अशा वादात इतका चिडला की उभा राहिला, आणि ती संपूर्ण दुपार बसलाच नाही. अर्थ आम्ही मनाने लिहीत नसू, हे मुद्दाम सांगते. वर्तमानपत्रं, पाठ्यपुस्तकं, एमआरटी रेल्वेतल्या सूचना, औषधाच्या बाटल्या, जिथे जिथे तो शब्द लोक वापरतात तिथली वाक्यं गोळा करायची, आणि त्यांतून दिसेल तो अर्थ लिहायचा. आपलं मत काय आहे हे कोणी विचारत नाही, हे या धंद्यातलं पहिलं शिक्षण आणि मला ते फार जड गेलं.

गिऱ्हाइकंही एकेक. एका बापाने फोन करून एक शब्द काढून टाकायची मागणी केली, कारण त्याच्या मुलीने तो त्यालाच उद्देशून वापरला होता. शब्द सभ्य होता, 'कंजूष'. दुसरे एक निवृत्त बसचालक अंकल बिशानच्या पार्कात रोज पाणमांजरांचे फोटो काढायचे. तिथे पाणमांजरांची अख्खी कुटुंबं राहतात आणि सिंगापूरकरांना त्यांचं कौतुक नातवंडांच्या वरचं. अंकलनी रागावून विचारलं, "टीव्हीवर पाणमांजराच्या घराला होल्ट म्हणतात, आणि तुमच्या डिक्शनरीत होल्ट म्हणजे झाडी. माझं पाणमांजर झाडावर राहतं का?"

त्या अंकलमुळे हा शब्द मी पहिल्यांदा नीट हातात घेतला. पाणमांजराचं होल्ट वेगळं, ते 'धरून ठेवणे' या अर्थाच्या क्रियापदाच्या घरातलं. नुसता चेहरा सारखा, रक्ताचं नातं काही नाही. झाडीचा होल्ट फार जुना. इंग्रजांना स्वतःलाही तो आता बहुतेक गावांच्या आणि माणसांच्या नावांतच भेटतो. पहिला अर्थ लहानसं रान, झाडांचा पुंजका; आपण आमराईतली, देवराईतली राई म्हणतो ना, त्याच्या जवळचा. दुसरा अर्थ झाडी असलेली टेकडी. शेजारच्या भाषांत त्याची भावंडं आहेत. जर्मन लोक होल्त्झ म्हणतात ते लाकडाला. म्हणजे एका घरात झाड उभं असताना तो शब्द वापरतात आणि दुसऱ्या घरात आडवं झाल्यावर. आइसलंडमध्ये तर त्याच शब्दाचा आजचा अर्थ खडकाळ, उघडी टेकडी. झाडं गेली, शब्द जागेवरून हलला नाही. यात हसण्यासारखं काही नाही, आपल्या चिंचवडात आज चिंचा किती आणि वड किती ते कोणी मोजायला जाऊ नये.

आमच्या कोशात मात्र होल्टला तिसराही अर्थ होता. तो असा: 'रान तोडताना मुद्दाम राखलेली शेवटची झाडं, पाखरांना परतायला जागा असावी म्हणून.' हा अर्थ मी दर आवृत्तीच्या मुद्रितात वाचला होता; पहिल्यापासून छापलेला, म्हणून त्याचा पुरावा शोधायचं कधी सुचलं नाही. वाचताना दर वेळी बरं वाटायचं. इंग्रजांनी एवढी रानं तोडली, पण निदान एवढी लाज बाळगली, असं मनात यायचं.

आता सापळ्याबद्दल सांगायला हवं, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचं कळणार नाही. कोश चोरणं सोपं असतं. खुर्चीचा अर्थ सगळ्यांचा सारखाच, मग आमचा उचलला हे सिद्ध कसं करणार? म्हणून काही कोशवाले एखादा खोटा शब्द किंवा खोटा अर्थ मुद्दाम पेरून ठेवतात. तो जगात दुसरीकडे कुठेही नसतो. दुसऱ्याच्या पुस्तकात दिसला की चोर सापडला. आमच्याकडे असं काही आहे अशी कुजबुज होती, पण आमचे मुख्य संपादक मिस्टर ओंग विचारलं की चष्मा पुसत बसायचे. सापळा निरुपद्रवी हवा, औषधाच्या किंवा कायद्याच्या शब्दाला हात लावायचा नाही, एवढंच ते सांगत. आम्हाला ते एवढे सज्जन वाटायचे की त्यांनी खोटं लिहिलं असेल हे खरंच वाटायचं नाही.

तर निवृत्तीनंतरच्या पहिल्याच गणपतीत इथल्या मराठी मंडळाच्या आरतीनंतर एक मुलगी माझ्याजवळ आली. मुलगी म्हणजे चाळिशीची, पण मला आता सगळ्या मुलीच वाटतात. शर्वरी तिचं नाव. आयटीत मॅनेजर, आणि एकटी राहते. नवरा समीर करोनाच्या काळात हृदयविकाराने गेला, हे मंडळात सगळ्यांना माहीत होतं.

"नीलाकाकू, तुम्ही त्या डिक्शनरीत होतात ना?" तिने विचारलं. "मला तुमची मदत हवीय. आमच्या कॉन्डोतली झाडं तोडतायत."

तिचा कॉन्डो, म्हणजे खाजगी गृहसंकुल, क्लेमेंटीच्या बाजूला. नाव थोडं बदलून लिहिते, टेंबुसू होल्ट. मागच्या भिंतीलगत जुन्या टेंबुसूंचा पुंजका आहे. खडबडीत सालीची, उंच, संध्याकाळी मंद वासाची फुलं गाळणारी झाडं. कॉन्डो बांधला तेव्हा बिल्डरने तेवढीच ठेवली. आता रहिवाशांच्या कमिटीला तिथे पिकलबॉलचं, म्हणजे टेनिसच्या धाकट्या भावाचं, कोर्ट हवं होतं. सध्या सिंगापुरात सगळ्यांनाच पिकलबॉल हवं आहे, आणि त्याच्या टकटकीमुळे शेजारच्या कॉन्डोत नको आहे. वार्षिक सभेत मतदान होणार होतं.

शर्वरीने बिल्डरची जुनी जाहिरात फोनवर दाखवली. त्यात आमचा तिसरा अर्थ जसाच्या तसा छापला होता, पाखरांसकट. "समीरने हे वाचूनच फ्लॅट घेतला," ती म्हणाली. "आलेल्या प्रत्येक पाहुण्याला खिडकीशी नेऊन वाचून दाखवायचा. काकू, नावातच वचन आहे की ही झाडं राखू म्हणून. मी सभेत हेच मांडणार आहे. तुम्ही फक्त येऊन सांगा की हा अर्थ तुमच्या डिक्शनरीत आहे."

मी फुशारले. आयुष्यात प्रथमच कोणीतरी मला साक्षीला बोलावत होतं. येते म्हणाले. आणि नुसतं जाऊन वाचून दाखवण्यापेक्षा हा अर्थ कुठल्या जुन्या पुस्तकातून आला तेही सांगावं, म्हणजे कमिटी गारच पडेल, असा मनसुबा करून मिस्टर ओंगना फोन लावला. त्यांनी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरला नाश्त्याला बोलावलं. ते आता फार वाकलेत, पण कोपी-ओचा, म्हणजे इथल्या काळ्या कॉफीचा, पेला अजून एका हाताने उचलतात.

मी विचारलं, "होल्टचा तिसरा अर्थ तुम्ही कुठून घेतला होता?"

त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. मला तिथेच कळायला हवं होतं.

"तो माझा, लाह," ते इथल्या बोलीतलं शेपूट लावून म्हणाले.

"माझा म्हणजे?"

"म्हणजे मी केला. तोच सापळा. इतकी वर्षं झाली, एकही चोर आला नाही. मला वाटलं, वाया गेला."

मी जाहिरातीचा फोटो दाखवला. ते इतके हसले की शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. "उंदरासाठी लावला होता, नीला. हत्ती अडकला." मला हसू येईना. टोस्टचा घास तोंडातच राहिला होता. ज्या माणसाने मला एकेक वाक्य पुराव्याशिवाय लिहू दिलं नाही, स्वल्पविरामासाठी कागद परत पाठवला, त्याने अख्खा अर्थ घरी बसून रचला होता, आणि तो मी वर्षानुवर्षं मायेने तपासून पुढे पाठवत होते. मला राग आला, आणि खरं सांगायचं तर रडू आलं.

"असला कशाला रचलात?" मी म्हणाले. "काहीतरी फालतू लिहायचं ना, कोणाला आवडणार नाही असं."

हसणं थांबवून ते म्हणाले, "आमचं कम्पाँग उठवलं ना, तेव्हा सगळी झाडं काढली. रम्बुतानांची एक रांग काही महिने राहिली होती, मशीन यायचं होतं म्हणून. संध्याकाळी सगळ्या साळुंक्या त्या एका रांगेत. बसायला जागा नाही, इतक्या. मला त्याला शब्द हवा होता. इंग्रजीत नाही. मग मीच एका शब्दाला जोडला." कम्पाँग म्हणजे जुन्या सिंगापुरातली गावासारखी वस्ती, त्यांचं बालपण तिथलं. मग मी त्यांना शर्वरीचं आणि सभेचं सांगितलं. त्यांनी पेला खाली ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

घरी आल्यावर मी शर्वरीला फोन केला. हे सांगायला मला दुपारचे दोन चहा लागले. ती ऐकत राहिली. मला वाटलं, आता बिल्डरवर चिडेल, ओंगवर चिडेल.

"काकू, छापलंय ना पण?" ती म्हणाली. "तुम्ही फक्त जे छापलंय ते वाचा. पुढचं बोलूच नका."

"अगं, पण ते खरं नाही."

"मला त्या झाडांबद्दल दुसरं काही सांगता येत नाही, काकू."

मी म्हटलं, म्हणजे काय? आणि तिने सांगितलं. समीरच्या गावाकडे रक्षा नदीत सोडत नाहीत. शेतात खड्डा करून त्यात घालतात आणि वर झाड लावतात. त्याचे आजोबा तसे चिकूखाली आहेत, चुलते फणसाखाली. समीर गेला तेव्हा विमानं बंद. इथल्या रीतीने रक्षा समुद्रात सोडली, पण थोडी तिने मागे ठेवली, गावी न्यायची म्हणून. विमानं सुरू झाली तोवर सासरे गेले, शेत दिराने विकलं. न्यायला शेतच राहिलं नाही. कॉन्डोत आपण झाड लावू शकत नाही. म्हणून मग एका पहाटे खाली उतरून तिने एका टेंबुसूच्या मुळाशी चमच्याने माती उकरली, आणि उलटा विधी केला. आधी झाड, मग माणूस.

"कोणाला माहीत नाही," ती म्हणाली. "आईलाही नाही. इथे हे चालत नाही, मला माहितेय. आणि शेजाऱ्यांना कळलं तर? अर्धा कॉन्डो पुजारी आणून ती जागा साफ करून घेईल. म्हणून म्हणते, माझ्याकडे त्या शब्दाशिवाय काही नाही."

मी फोन ठेवला. एका म्हाताऱ्याने चोर पकडायला लिहिलेल्या ओळीवर ही बाई आपल्या नवऱ्याला टेकवून बसली होती. मी ठरवलं, वाचायचं आणि खाली बसायचं. छापलेलं वाचणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे, असं मी स्वतःला बजावत राहिले. ज्याला असं बजावावं लागतं ते काय असतं, हे न कळण्याइतकी मी भाबडी नाही.

सभा कॉन्डोच्या हॉलमध्ये होती. एसी इतका की सगळ्यांनी जॅकेटं घातलेली. अध्यक्ष मिस्टर गोह, सत्तरीचे, टी-शर्टावर पिकलबॉलच्या क्लबाचं चित्र. म्हणजे निकाल काय लागायचा ते छातीवरच लिहिलं होतं. व्यवस्था बघणाऱ्या कंपनीची एक तरुण बाई लॅपटॉप उघडून शेजारी. शर्वरीने पडद्यावर जाहिरात दाखवली, वचनाचा मुद्दा मांडला, चांगलं बोलली. मग मी उठून कोश उघडला आणि तिसरा अर्थ वाचला. हॉलमध्ये दोन-चार माणसांनी माना डोलावल्या. मी बसायला लागले.

"आंटी, एक मिनिट," मिस्टर गोह म्हणाले. "माझ्या मुलीने दुसऱ्या डिक्शनऱ्या बघितल्या. मोठ्या, जुन्या. हा अर्थ कुठेच नाही. तुम्ही या पुस्तकात काम केलं. मी तुम्हाला विचारतो, हा अर्थ खरा आहे का?"

माणसाने चढ्या आवाजात विचारलं असतं तर मी प्रश्न टोलवला असता. पण तो खरोखर विचारत होता, ज्याला उत्तर हवं आहे अशा तऱ्हेने. असा प्रश्न आला की उत्तर द्यायचं, याचा मी जन्मभर पगार घेतला होता. मी शर्वरीकडे बघितलं. तिने मान अगदी थोडी हलवली, नको अशी. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाही."

मग सगळंच सांगावं लागलं: सापळा, चोरी, जाहिरात. लोक हसायला लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "डेव्हलपरला फसवला!" मोठाच हशा झाला, वातावरण एकदम खेळीमेळीचं झालं. "खऱ्या अर्थाने होल्ट म्हणजे फक्त झाडांचा पुंजका," मी म्हणाले, कोणी ऐकत नव्हतं. मिस्टर गोह म्हणाले, "थँक यू, आंटी, वेरी इंटरेस्टिंग. मग वचन वगैरे काही नाही. आता मतदान."

शर्वरी उभी राहिली. इंग्रजीतच म्हणाली, "माझा नवरा तिथे आहे."

लोकांना वाटलं, बाहेर कोणी उभं आहे. दोघा-तिघांनी काचेतून बघितलंसुद्धा. एक बाई म्हणाली, "मग आत बोलवा ना."

"तो वारला. मी त्याला तिथे ठेवलाय. झाडाखाली." तिचा आवाज अजिबात कापला नाही, आणि मला तेच असह्य झालं. रक्षा कशी ठेवली, गावची रीत काय, शेत कसं गेलं, सगळं तिने त्या गारठलेल्या हॉलात, कधी लिफ्टमध्ये हसून बोलली नसतील अशा माणसांना सांगितलं. माझ्या शेजारच्या बाईने तोंडावर हात नेला आणि तो तिथेच राहिला. मला सगळं माहीत होतं, तरी पहिल्यांदा ऐकावं तसा धक्का बसला.

कंपनीची बाई भानावर आली. "मॅम, कॉमन प्रॉपर्टीमध्ये असं काही पुरायला परवानगी नाही, मला हे रिपोर्ट..."

"मिस, तू काही ऐकलं नाहीस," मिस्टर गोह तिच्याकडे न बघता म्हणाले. मग शर्वरीला विचारलं, "कुठलं झाड?"

"भिंतीकडून दुसरं."

त्यांनी समोरचे कागद सारखे केले, परत विस्कटले. मग हॉलकडे वळून, जरा रागानेच म्हणाले, "तिचा नवरा आहे तिथे. मग कसं तोडणार?"

मतदान झालंच नाही. पुढचा विषय स्विमिंग पूलच्या फरशांचा होता, तो घेतला.

मला वाटलं, झालं, देव पावला. घरी येऊन मी मिस्टर ओंगना फोन करून सांगितलं. कोशाच्या नव्या संपादक मुलीलाही कळवलं की तो तिसरा अर्थ आता काढून टाका, सापळा उघडा पडला. तिने दोन दिवसांनी उत्तर दिलं की काढता येत नाही. तिने शोधलं तर तो अर्थ शाळेतल्या निबंधांत, एका बागेच्या फलकावर, आणखी कुठे कुठे सापडला. लोक वापरतात म्हटल्यावर पुरावा झाला, आणि पुरावा आहे म्हटल्यावर अर्थ राहणार. माझेच शब्द ती मला ऐकवत होती.

शर्वरीकडे जायला मी मुद्दाम बरेच महिने थांबले. मधे चिनी लोकांचा सातवा महिना येऊन गेला होता, पितरांचा. तिच्याकडे जाताना वाकडी वाट करून मी झाडं बघायला गेले. दुसऱ्या टेंबुसूभोवती कोणीतरी छोटं रेलिंग लावलं होतं. आत विझलेल्या उदबत्त्या होत्या, संत्री ठेवलेली होती, एका कागदी कपात कोपी होती. तिथून जाणाऱ्या एका आजोबांनी पावलं हळू केली आणि मान लववली. माझे डोळे भरून आले. परक्या देशात परक्या माणसाला एवढी माया मिळावी, हे मी वर जाऊन शर्वरीला सांगितलं, अगदी गहिवरून.

तिने माझ्यापुढे पोहे ठेवले. खिडकीचा पडदा ओढलेला होता.

"मी रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की तिथे बसायचे, काकू," ती म्हणाली. "चप्पल काढून, पाय मातीत टेकून. दिवसभराचं सांगायचे त्याला, भांडायचे सुद्धा. कोणाला काही कळायचं नाही, लोकांना वाटायचं फोनवर बोलतेय. आता मी लिफ्टमधून बाहेर आले की सगळे गप्प होतात. वाट सोडून बाजूला उभे राहतात. कोणी हात जोडतं."

"अगं, ते आदराने..."

"माहितेय हो. चांगलीच माणसं आहेत." तिने माझ्या बशीत लिंबाची फोड ठेवली. "तुमच्या खरं बोलण्याने झाड राहिलं, काकू. माझी बसायची जागा गेली."